सैनिकांच्या प्राणांचा जाब कोणाला विचारायचा?

युद्धाची वर्णने लिहिली जातात तेव्हा त्यांत लढाऊ विमानांना मानाचे स्थान असते. वाहतूक विमानांचा आणि त्यांतून सैनिक, दारूगोळा, औषधे व जखमी यांची ने-आण करणाऱ्या माणसांचा उल्लेख क्वचितच येतो, आणि येतो तो बहुधा मृतांच्या यादीत. हा केवळ प्रसिद्धीतला पक्षपात असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु जी माणसे वर्णनात दुय्यम ठरतात ती अंदाजपत्रकातही दुय्यम ठरतात, आणि अंदाजपत्रकातील दुय्यमपणाची किंमत त्यांना प्राण देऊन चुकवावी लागते. हे कसे घडते याचा एक लेखी पुरावा ब्रिटनमध्ये उपलब्ध आहे. तो भारतातही अभ्यासण्याजोगा आहे.

३० जानेवारी २००५ रोजी इराकमध्ये निवडणूक होती. त्या दिवशी ब्रिटिश हवाई दलाचे एक हर्क्युलिस वाहतूक विमान बगदादहून बलद येथील तळाकडे निघाले. विमानात हवाई दलाचे नऊ जण आणि भूदलाचा एक सैनिक असे दहा जण होते. दिवसाउजेडी, जमिनीलगत उडणाऱ्या या विमानावर खालून गोळीबार झाला. उजव्या पंखातील इंधनाच्या टाकीला मार लागला, टाकीत स्फोट झाला आणि पंखाचा मोठा भाग तुटून पडला. असे विमान सावरणे कोणत्याही वैमानिकाच्या हातचे नव्हते. दहाही जण मृत्युमुखी पडले.

येथवरची हकीकत युद्धातील शेकडो हकीकतींसारखीच आहे. शत्रूने गोळी झाडली, विमान पडले, माणसे मेली, असे म्हणून ती संपविता आली असती, आणि सत्ताधाऱ्यांना तेच सोयीचे असते. परंतु या घटनेत शत्रूच्या गोळीइतकेच महत्त्व टाकीत नसलेल्या एका वस्तूला आहे.

विमानाच्या टाकीतील इंधन जसजसे खर्च होते तसतशी टाकीत रिकामी जागा उरते. त्या जागेत इंधनाची वाफ आणि हवा यांचे मिश्रण साठते. त्यात ठिणगी पडली की भडका उडतो आणि टाकीच फुटते. हा धोका टाळण्याचा एक साधा उपाय आहे. स्पंजासारखा जाळीदार फोम टाकीत भरून ठेवायचा. इंधन त्याच्या छिद्रांतून सहज वाहते, फोम स्वतः टाकीतील फारच थोडी जागा व्यापतो, आणि ठिणगी पडली तरी ज्वाला त्याच्या जाळीत अडकून विझते. गोळी लागल्यामुळे टाकीला भोक पडेल, इंधन गळेल, पण पंख उडणार नाही. हा काही २००५ सालचा नवा शोध नव्हे. व्हिएतनामच्या युद्धात गोळीबाराने विमाने गमावल्यानंतर अमेरिकेने हा फोम वापरण्यास सुरुवात केली होती, आणि तिच्या हर्क्युलिस विमानांनाही ते संरक्षण देण्यात आले होते. म्हणजे दोन मित्रराष्ट्रांची एकाच जातीची विमाने एकाच आकाशात उडत होती. एकाच्या टाकीत फोम होता, दुसऱ्याच्या टाकीत नव्हता. ब्रिटिश हवाई दलात कोणाला हे ठाऊक नव्हते असेही नाही. असे संरक्षण बसवावे ही शिफारस २००२ सालीच, म्हणजे इराकवर आक्रमण होण्यापूर्वी, लेखी झालेली होती.

खुद्द हवाई दलाच्या चौकशी मंडळाने टाकीत स्फोटरोधक व्यवस्था नसणे हे या हानीला साहाय्यभूत कारण असल्याचे मान्य केले. त्यानंतर विल्टशायर परगण्याचे कॉरोनर डेव्हिड मास्टर्स यांच्यापुढे मृत्यूची जाहीर चौकशी झाली. सैनिकांचे आईबाप आणि पत्नी समोर बसलेल्या असताना अधिकाऱ्यांना साक्षी द्याव्या लागल्या. ऑक्टोबर २००८ मध्ये निर्णय आला. फोम न बसविणे हा व्यवस्थेचा गंभीर दोष होता आणि त्यामुळे विमान व माणसे वाचण्याची संधी हिरावली गेली, असा त्याचा आशय होता. दुर्घटनेनंतर ब्रिटिश हर्क्युलिस विमानांच्या टाक्यांत फोम बसविण्यात येऊ लागला. जे दहा माणसे गमावण्यापूर्वी अशक्य किंवा अनावश्यक वाटत होते ते नंतर शक्यही झाले आणि आवश्यकही ठरले.

असे का झाले? कोणी दुष्टबुद्धीने फोम नाकारला असे मानण्याचे कारण नाही. दुष्ट माणूस सापडला असता तर प्रश्न सोपा झाला असता. खरे कारण सैन्याच्या आखणीतील उच्चनीच भावात आहे. वाहतूक विमान म्हणजे आघाडीमागची मालगाडी, ही जुनी समजूत. मालगाडीला चिलखत कशाला, असा हिशेब त्या समजुतीतून सहज निघतो. इराकसारख्या युद्धात आघाडीही नसते आणि पिछाडीही नसते. कोणत्याही शेतातून, कोणत्याही गच्चीवरून गोळी येऊ शकते, आणि तेथे सर्वांत मोठे व सर्वांत संथ लक्ष्य वाहतूक विमानाचेच असते. युद्ध बदलले, परंतु खर्चाच्या यादीतील क्रम बदलला नाही. त्याच वर्षांत टायफून लढाऊ विमानांच्या प्रकल्पावर ब्रिटन अब्जावधी पौंड खर्च करीत होते. अशा प्रकल्पामागे मोठे कारखाने असतात, मंत्र्यांची प्रतिष्ठा असते, परदेशी विक्रीची आशा असते. टाकीतल्या फोमामागे कोण उभे राहणार? ज्यांचे प्राण त्यावर अवलंबून असतात त्यांना खरेदीच्या बैठकीत जागा नसते.

इराक युद्धाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट समितीचा अहवाल जुलै २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक निष्कर्ष या संदर्भात फार बोलका आहे. साधनसामग्रीतील उणीव ओळखून ती मांडण्याची जबाबदारी संरक्षण खात्यात नेमकी कोणाची, हेच पुरेसे स्पष्ट नव्हते, असे समितीला आढळले. नोकरशाहीचा अनुभव असलेल्या कोणाही कार्यकर्त्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. काम सर्वांचे असले की ते कोणाचेच नसते. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाते, प्रत्येक जण शेरा मारतो, नकार मात्र कोणाच्याही सहीने नोंदला जात नाही. तो नकार शेवटी रणभूमीवर सही करतो.

याबाबत अशी चर्चा निघाली की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, युद्ध म्हटले की धोका आलाच. सैनिक तो पत्करूनच भरती होतो. यात अर्धेच सत्य आहे. सैनिक शत्रूचा धोका पत्करतो. स्वतःच्या सरकारच्या हलगर्जीपणाचा धोका त्याने पत्करलेला नसतो. हा भेद भावनेचा नसून कायद्याचा आहे. इराकमध्ये कमकुवत चिलखताच्या लँडरोव्हर गाड्यांत मारल्या गेलेल्या सैनिकांच्या कुटुंबियांनी दावे लावले तेव्हा, लढाईतील कृत्यांबद्दल सरकारला न्यायालयात खेचता येत नाही, असा बचाव सरकारने मांडला. जून २०१३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते दावे चालू ठेवण्यास परवानगी दिली. गोळीबाराच्या धुमश्चक्रीत सेनाधिकाऱ्याने घेतलेला निर्णय आणि रणभूमीपासून दूर, शांतपणे, साधनसामग्रीबाबत घेतलेला निर्णय यांना एकच ढाल पुरणार नाही, ही त्यामागची भूमिका होती.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे, आणि तो डाव्या विचारांच्या मंडळींतूनच येतो. इराकवरील आक्रमण अन्याय्य होते. मग आक्रमक सैन्याच्या विमानात फोम होता की नव्हता याची चिंता समाजवाद्यांनी का करावी? याचे उत्तर सरळ आहे. युद्धाचा निर्णय त्या दहा जणांनी घेतला नव्हता. ज्यांनी तो घेतला त्यांच्यापैकी एकालाही त्या विमानात बसावे लागले नाही. युद्धाला विरोध करणारा पक्ष सैनिकाच्या प्राणांबद्दल उदासीन राहिला, तर सैनिक आणि त्याचे कुटुंब यांच्या वतीने बोलण्याचा मक्ता युद्धखोरांकडे जातो, आणि ते त्याच्या प्राणांपेक्षा त्याच्या शवपेटीवरील ध्वजाविषयी अधिक बोलतात. शिवाय सैनिकांना सुरक्षितपणे पाठविण्याचा खरा खर्च आधीच मोजावा लागला, तर युद्ध पुकारणारा हातही थोडा थबकेल.

भारताने या प्रकरणाकडे परक्याचे दुःख म्हणून पाहण्याचे कारण नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात २८ मे रोजी तोलोलिंगच्या परिसरात हवाई दलाचे एक एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातील चौघेही मरण पावले. एमआय-१७ हे मूळचे वाहतुकीचे हेलिकॉप्टर. त्याला अग्निबाण लावून हल्ल्याच्या कामी जुंपले होते. उष्णतेचा वेध घेणाऱ्या क्षेपणास्त्राला चकविण्यासाठी फसव्या ज्योती सोडणारी यंत्रणा त्या चार हेलिकॉप्टरांच्या तुकडीत नेमकी या एकावर नव्हती. त्यानंतर अशी हेलिकॉप्टरे हल्ल्याच्या कामातून मागे घेण्यात आली. शहाणपण येथेही मृत्यूनंतरच सुचले.

त्याच युद्धासाठी तातडीने केलेल्या खरेदीची छाननी नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २००१ सालच्या अहवालात केली, तेव्हा बहुतांश माल युद्ध संपल्यानंतर पोहोचल्याचे दिसून आले. भूदलाच्या जवानांसाठी १,८६,१३८ बुलेटप्रूफ जाकिटांच्या खरेदीला २००९ साली मंजुरी मिळाली; त्यांचा ६३९ कोटी रुपयांचा करार व्हायला एप्रिल २०१८ उजाडले. मधली सुमारे नऊ वर्षे काश्मीरमध्ये शांततेची नव्हती. या काळात केंद्रात सरकार बदलले, घोषणा बदलल्या, सैनिकांच्या नावाने मते मागण्याची रीत मात्र बदलली नाही.

सैनिक हा गणवेशातला कामगार आहे, हे या सर्व प्रकरणाचे मर्म आहे. कारखान्यातील यंत्राला संरक्षक जाळी नसेल आणि कामगाराचा हात तुटला, तर मालकाला जबाबदार धरण्याचा हक्क कामगार चळवळीने दीर्घ लढ्यातून मिळविला. सैनिकाला ही वाट बंद आहे. राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदान्वये संसद त्याचे मूलभूत हक्क मर्यादित करू शकते. त्याला संघटना करता येत नाही, संप करता येत नाही, वृत्तपत्रात तक्रार छापता येत नाही. व्यावसायिक सुरक्षेच्या २०२० सालच्या संहितेत ‘कर्मचारी’ या शब्दाची जी व्याख्या आहे तीतून सशस्त्र दलांचे सदस्य स्पष्टपणे वगळले आहेत. लष्करी शिस्तीसाठी यातील काही बंधने अपरिहार्य असतील. परंतु ज्याचे तोंड कायद्याने बंद केले आहे त्याच्याबाबत मालकाचे कर्तव्य कमी होत नाही, उलट वाढते. येथे मालक स्वतः राज्यसंस्था आहे.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या गेल्या पाहिजेत. कोणत्याही विमानाला, हेलिकॉप्टरला वा गाडीला युद्धक्षेत्रात पाठविण्यापूर्वी तिच्यातील संरक्षक साधनांची उणीव लेखी नोंदली जावी, आणि ती उणीव तशीच ठेवण्याचा निर्णय नाव व पद असलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने व्हावा. अशा नोंदी संरक्षण विषयक संसदीय समितीपुढे दरवर्षी ठेवल्या जाव्यात. साधनांच्या अभावी मृत्यू ओढवल्याचा संशय असेल तेथे दलाबाहेरच्या न्यायिक अधिकाऱ्याने चौकशी करावी आणि कुटुंबियांना तीत प्रश्न विचारण्याचा अधिकार असावा. आज भारतात लष्करी चौकशी मंडळांचे अहवाल सामान्यतः जनतेपुढे येत नाहीत. कॉरोनरची संस्था मुंबईला अपरिचित नव्हती. १८७१ च्या कायद्यानुसार चालत आलेले ते पद १९९९ साली रद्द झाले. ते जसेच्या तसे परत आणावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु संशयास्पद मृत्यूचा जाब उघड्यावर विचारण्याचे ते तत्त्व सैनिकांच्या मृत्यूलाही लागू व्हावयास हवे.

गोपनीयतेची सबब पुढे केली जाईल. चालू मोहिमेचा तपशील गुप्त राहिलाच पाहिजे. परंतु हर्क्युलिसच्या टाकीतील फोम हे काही राष्ट्रीय गुपित नव्हते. त्याची माहिती जगाला कित्येक दशके होती. गुप्त राहिली ती फक्त टाळाटाळ, आणि ती उघड करण्यासाठी मृतांच्या नातेवाइकांना तीन वर्षांहून अधिक काळ झगडावे लागले.

महाराष्ट्रातील कित्येक गावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले सैन्यात जात आली आहेत. त्या गावांत सभा घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी हुतात्मा स्मारकाला हार घालून परतू नये. आपल्या मतदारसंघातील खासदाराला एवढे तरी विचारावयास लावावे की, या गावचा मुलगा ज्या विमानातून सीमेवर जातो त्या विमानात काय कमी आहे, आणि ते कमी ठेवण्याचे कोणी ठरविले आहे?