शंभर पानांचा अंदाज

घरी चार पाहुणे वाढले की आपली किती धावपळ होते! मीठ घालताना हात थबकतो. मग रोज शंभर पानांचा अंदाज अचूक धरणाऱ्या बाईला काय म्हणायचं? टीव्हीवर दिसली असती तर ‘शेफ’ म्हटलं असतं. पण ती पेण-रोह्याकडच्या जिल्हा परिषद शाळेत रांधते, म्हणून कागदोपत्री ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’.

हिशेब बघा. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी. शंभर मुलांचे झाले 10 किलो तांदूळ, 2 किलो डाळ, 5 किलो भाजी. निवडणं, शिजवणं, वाढणं, आवरणं, सगळ्याला नियमाने दोघीजणी. केंद्राने 2009 साली मानधन ठरवलं महिना 1000 रुपये, तेही वर्षातले 10 महिनेच. राज्याने भर घालून ते 2500वर नेलं. म्हणजे दिवसाला शंभरेक रुपये!

‘दोन-तीन तासांचं तर काम,’ असं म्हणणाऱ्या आपल्यातही आहेत. अहो, मे महिन्यात तिच्या घरची चूल सुट्टीवर जाते का? हायवेवरच्या हॉटेलात हेच काम करणाऱ्या आचाऱ्याला पगार मिळतो, हिला मात्र मानधन. बाईने रांधायचंच, मग त्याचे पैसे कसले, ही जुनी समजूत त्या एका शब्दात लपलेली आहे.

वाडीवरचं पोर भरल्या पोटी पाढे म्हणतं, ते हिच्या हातामुळे. तेव्हा पुढच्या पालकसभेत, ग्रामसभेत आपणच विषय काढूया: तिला बारा महिन्यांचा पगार द्या. आपल्या लेकरांना जेवू घालणारीसाठी एवढं तर बोलायलाच हवं, नाही का?