ग्रुप फिटनेस क्लास: सोबत हवी, सक्ती नको



"डॉक्टर, झुंबाचा क्लास लावू का?" हा प्रश्न आता हरसूलच्या दवाखान्यातही येतो. विचारणारे असतात शिक्षक, दुकानदार, कर्मचारी आणि बैठं काम करणाऱ्या घरच्या बायका. माझं उत्तर ठरलेलं आहे. लावा, पण फी भरण्याआधी शिकवणाऱ्याला एक प्रश्न विचारा: "दम लागला तर मी मध्येच थांबलो तर चालेल का?" उत्तर देताना तो हसला किंवा "इथे कोणी थांबत नाही" म्हणाला, तर सरळ घरी या.

हे इतकं कडक का सांगतो, ते ऐका.

गेल्या उन्हाळ्यात एका बाईंना चक्कर येऊन पडल्या म्हणून माझ्याकडे आणलं. वय पन्नाशीचं, मधुमेह. सकाळी उठून शुगरची गोळी घेतली, वर कोरा चहा, आणि सहाच्या क्लासला गेल्या. घामानं ओल्याचिंब, हात थरथरत होते. शुगर निघाली ५२. साखरेचं पाणी पाजल्यावर थोड्या वेळात बोलू लागल्या. पहिलं वाक्य काय, तर "थांबावंसं वाटत होतं हो, पण सगळ्याजणी करत होत्या, मी एकटीनं कसं बसायचं?"

चूक माझीही होती. "व्यायाम करा" एवढंच मी सांगितलं होतं. गोळी आणि व्यायाम यांचा मेळ कसा घालायचा, ते सांगायचं राहून गेलं होतं.

फायदे खरे आहेत

ग्रुपला मी नावं ठेवत नाही. एकट्यानं सुरू केलेलं चालणं पहिल्या पावसात बंद पडतं. ग्रुपमध्ये शेजारीण दार वाजवते, "चला, उशीर झाला" म्हणते, आणि पाय बाहेर पडतो. घरच्या रगाड्यातून बाईला स्वतःचा एक तास मिळतो. शिकवणारा जाणकार असेल तर वाकताना पाठ चुकत नाही. १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी मोजक्या चार-पाच लोकांना घेऊन हास्यक्लब सुरू केला आणि तो जगभर पसरला. माणसाला माणसांची सोबत लागते, हेच त्यामागचं कारण.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. बैठं काम करणाऱ्याला हे गाठायला क्लासची मदत होते. पण दिवसभर भाताच्या खाचरात लावणी करणाऱ्या किंवा द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या माणसाला कोणी क्लासची फी भरायला लावत असेल, तर तो फसवतोय. कामातले श्रमही या हिशेबात धरले जातात. त्याला गरज आहे पोटभर जेवणाची आणि विश्रांतीची.

तोटा कुठे आहे?

तोटा एकाच तालात आहे. वीस वर्षांची मुलगी, बीपीची गोळी घेणारे गुरुजी आणि गुडघे झिजलेल्या मावशी, तिघांनाही एकच गाणं आणि एकच उडी. वर स्पीकरवरून ओरडणं, "अजून दहा!" ज्या सोबतीनं तुम्हाला घराबाहेर काढलं, तीच आता लाजेपोटी थांबू देत नाही.

पोलीस भरतीच्या पोरांचं तर विचारूच नका. १६०० मीटर धावायचं म्हणून जाहिरात निघाल्यावर सराव सुरू, तोही उन्हात, पाणी न पिता. मला कविता राऊतचं उदाहरण देतात. आपल्या सावरपाड्याच्या या मुलीनं २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. पण बाळांनो, ते पाय वर्षानुवर्षांच्या सरावानं तयार झाले होते, दोन महिन्यांत नाही.

आपल्या भागात सिकलसेलही आहे. अशा रुग्णाला शरीरातलं पाणी कमी होणं आणि अती दमणं महागात पडतं, असह्य वेदना सुरू होतात. सिकलसेलची रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात होते. भरतीच्या सरावाआधी प्रत्येकानं ती करून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्लास लावण्यापूर्वी

- पहिल्या दिवशी तुमचं वय, आजार आणि गोळ्या विचारत नसेल, तो क्लास नको.
- मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी जाऊ नका. वेळ आणि डोस डॉक्टरांना विचारून ठरवा. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा.
- व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे. बोलताही येत नसेल तर वेग कमी करा.
- छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबा आणि १०८ ला फोन लावा. "गॅस असेल" म्हणून घरी पडून राहू नका.
- जोरदार व्यायामानंतर अंग प्रचंड दुखून लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो.

"एवढे नियम पाळले तर क्लासला मजा काय?" असं काहीजण म्हणतात. त्यांनी आपल्या पाड्यावरचा तारपा नाच आठवावा. तारपा वाजतो, हात गुंफले जातात, रात्रभर पाय थिरकतात. त्यात म्हातारेही असतात आणि पोरंही. दमला तो साखळीतून बाहेर पडतो, बसतो, पाणी पितो, वाटलं तर पुन्हा येऊन हात धरतो. त्याला कोणी हसत नाही, आणि नाचही थांबत नाही.

पैसे मोजून जाता त्या क्लासनं निदान एवढी माणुसकी दाखवायला हवी. त्या बाई आता पुन्हा जातात. आधी खाऊन जातात, मागच्या रांगेत उभ्या राहतात, दम लागला की खुर्चीवर बसतात. परवा सांगत होत्या, "डॉक्टर, आता माझ्याशेजारी आणखी दोघी बसतात."

तुम्हीही बसा. लाज कसली?