चोर, संन्यासी आणि यंत्राची नोंद

विद्यार्थ्यांच्या गैरवर्तनाचा विषय निघाला की स्टाफरूममध्ये दोनच सूर ऐकू येतात. एक सूर म्हणतो, कडक व्हा, एकदोघांना घरी पाठवा, बाकीचे आपोआप सरळ होतील. दुसरा म्हणतो, मुलंच आहेत, लिहून घ्या माफीनामा आणि मिटवा. वरवर पाहता हे सूर परस्परविरोधी वाटतात. परंतु दोघांनाही चौकशीत रस नाही, हे त्यांचे साम्य आहे. पहिल्याला शिक्षेची घाई, दुसऱ्याला फाइल बंद करण्याची. नेमके घडले काय, ते कशावरून कळले आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे काय, या प्रश्नांना दोन्हीकडे जागा नसते.

आमचे प्रतिपादन असे, की चौकशी हा शिक्षणाचाच भाग आहे. व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या संस्थेत तर ते विशेष खरे. उद्याचा डॉक्टर, वकील किंवा शिक्षक पुरावा कसा वाचावा आणि समोरच्याचे कसे ऐकून घ्यावे, हे पाठ्यपुस्तकातून जितके शिकतो त्याहून अधिक आपली संस्था आपल्याशी कशी वागते यावरून शिकतो. म्हणूनच सचोटीच्या नावाने घाईची चौकशी करणारी संस्था सचोटीचा पहिला भंग स्वतःच करत असते. हे अमूर्त राहू नये म्हणून एका प्रकरणाकडे जरा बारकाईने पाहू.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर या गावी डार्टमथ कॉलेजचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. १७९७ साली स्थापन झालेली ही संस्था आज गायझल स्कूल ऑफ मेडिसिन या नावाने ओळखली जाते. तिथले विद्यार्थी ‘ऑनर कोड’ने, म्हणजे सचोटीच्या संहितेने, बांधलेले असतात. या कल्पनेच्या मुळाशी एक परस्परकरार आहे. मी खोटे बोलणार नाही, फसवणार नाही असे वचन विद्यार्थी देतो आणि संस्था त्या वचनावर विश्वास ठेवते. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे परीक्षा घरून देण्याची वेळ आली. परीक्षेचे सॉफ्टवेअर संगणकावरचे इतर मार्ग बंद करत असे. पण शेजारी फोन किंवा टॅब्लेट ठेवून ‘कॅनव्हास’ या अध्यापन-व्यवस्थेवरील टिपणे उघडणे शक्य आहे, अशी शंका प्रशासनाला आली. मग विद्यार्थ्यांना कल्पना न देता ‘कॅनव्हास’वरच्या हालचालींच्या जुन्या नोंदी उपसल्या गेल्या. परीक्षेच्या वेळेत ज्यांच्या नावे नोंद सापडली, त्यांपैकी १७ जणांवर २०२१ च्या मार्चमध्ये फसवणुकीचा आरोप ठेवण्यात आला.

पुढे सात जणांवरील आरोप सोडून द्यावे लागले. उरलेल्या दहांना दोषी ठरवून हकालपट्टीपर्यंतच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. मे २०२१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या प्रकरणाचा शोध घेतला, तेव्हा असे दिसले की कोणी वापरत नसतानाही उपकरण अशा नोंदी आपोआप निर्माण करू शकते. आदल्या रात्री अभ्यास करताना उघडलेले पान टॅब्लेटवर तसेच राहिले, तर ते पान अधूनमधून स्वतःच ताजे होते आणि तिकडे नोंद उमटते, जणू विद्यार्थ्यानेच आत्ता ते उघडले. अशा नोंदी माणसाच्या वर्तनाविषयी गंभीर निष्कर्ष काढण्यासाठी वापरू नयेत, असा इशारा या व्यवस्थेच्या माहितीपत्रकातही होता. जून २०२१ मध्ये महाविद्यालयाने सर्व आरोप मागे घेतले आणि अधिष्ठात्यांनी विद्यार्थ्यांची क्षमा मागितली. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची म्हण इथे पुरती लागूही पडत नाही; चोर मुळात होता की नाही हेच कुणी पाहिले नव्हते.

या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट यंत्राची चूक नव्हे. यंत्रे चुकतात, दुरुस्त होतात. गंभीर आहे ती चौकशीची रीत. विद्यार्थ्यांच्या सांगण्यानुसार त्यांना उत्तर देण्यासाठी ४८ तासांहूनही कमी वेळ मिळाला, त्यांच्याविरुद्धच्या नोंदी पूर्णपणे दाखवल्या गेल्या नाहीत आणि ऑनलाइन सुनावणीत आपली बाजू मांडायला काहींना जेमतेम दोन मिनिटे मिळाली. याहून विदारक म्हणजे, आपण काही केले नाही असे सांगणाऱ्यांनाही गुन्हा कबूल करण्याचा सल्ला दिला गेला. याचा अर्थ नीट पाहावा. ज्या संहितेच्या मुळाशी ‘खोटे बोलू नये’ हे वचन आहे, तिच्याच अंमलबजावणीत निरपराध विद्यार्थ्याला सांगितले गेले की खोटी कबुली देण्यात तुझे हित आहे. सचोटी शिकवण्याचा याहून उलटा धडा आम्हाला तरी कल्पिता येत नाही.

इथे कडक सुराचा पूर्वपक्ष मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाही. वैद्यकाच्या विद्यार्थ्याची फसवणूक ही इतिहासाच्या पेपरातल्या फसवणुकीसारखी नसते. आज जो उत्तरे चोरतो तो उद्या रोग्याच्या जिवाशी खेळेल. तेव्हा संशयाचा फायदा विद्यार्थ्याला नव्हे, समाजाला मिळावा. या युक्तिवादातली काळजी आम्हाला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्या काही वर्षांतच शिकवले जाते की तपासणीच्या अहवालावर इलाज करू नये, रोग्याला तपासावे. अहवाल कशामुळे खोटा येऊ शकतो हे माहीत असल्याशिवाय त्यावर विसंबू नये. गायझलच्या प्रशासनाने नेमके अहवालावर इलाज केले. रोग्याला दोन मिनिटे बोलू दिले आणि शस्त्रक्रिया उरकली. समाजाच्या सुरक्षिततेसाठी जो विवेक डॉक्टरकडे असावा असे आपण म्हणतो, त्याचा वस्तुपाठ या चौकशीत नव्हता.

साहित्याच्या अभ्यासकांना आणखी एक गोष्ट इथे ओळखीची वाटावी. यंत्राची नोंद ही एक संहिता आहे. तिला कर्ता आहे का, असल्यास तो विद्यार्थी की उपकरण, ती कोणत्या संदर्भात लिहिली गेली, हे प्रश्न विचारल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही. पाठभेदांची चिकित्सा केल्याखेरीज एखाद्या ओवीचे कर्तृत्व आपण कुणाच्या माथी मारत नाही. मग संगणकाने आपण होऊन लिहिलेल्या चार ओळींचे कर्तृत्व एका जिवंत मुलाच्या माथी मारताना ही शिस्त कुठे जाते? आकडा आणि वेळ छापलेली असली की मजकुराला अन्वयार्थ लागत नाही, ही समजूत आपल्याही वर्तुळात पसरली आहे.

याला उदाहरण लांब शोधायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी प्रबंधांतील साम्याच्या पायऱ्या आखून दिल्या. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सुधारून पुन्हा सादर करणे. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादर करण्यास मनाई. ६० टक्क्यांपुढे नोंदणी रद्द. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे या मोजणीतून वगळावीत आणि समितीने नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळावीत, असेही तेच विनियम सांगतात. पण व्यवहारात पायऱ्यांचे आकडे सर्वांच्या तोंडी आणि उरलेला मजकूर कपाटात, अशी स्थिती होऊ शकते. तुकोबांवरच्या प्रबंधात अभंग असणारच. ते साम्य चोरी आहे की अभ्यास, हे वाचल्यानेच कळते. उलट पन्नास वर्षांपूर्वीच्या, संगणकावर कधीच न चढलेल्या पुस्तकातून पानेच्या पाने उचलणाऱ्याला यंत्र निर्दोष ठरवील. त्याला पकडू शकेल तो ते जुने पुस्तक वाचलेला मार्गदर्शक.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणारी साधने आली आहेत आणि तोच मोह पुन्हा होतो आहे. ओपनएआय या कंपनीने असे स्वतःचेच साधन अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध ही साधने सरासरीने यंत्रलिखित ठरवतात. आपल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना हे लागू आहे, एवढे सांगून पुढे जातो.

‘हे सगळे ठीक, पण महाविद्यालय म्हणजे काही न्यायालय नव्हे’ असा आक्षेप आता येईल. तोही तपासू. परीक्षेतील गैरप्रकाराच्या आरोपावरून उत्तर प्रदेशातील परीक्षा मंडळाने इंटरमिजिएटच्या तीन विद्यार्थ्यांचा १९५४ चा निकाल त्यांचे म्हणणे न ऐकताच रद्द केला होता. १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशी समिती न्यायसदृश काम करत असते आणि तिने विद्यार्थ्याला बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. पुढे १९७० मध्ये बिहारमधील एका केंद्रावरची संपूर्ण परीक्षाच सामूहिक कॉपीमुळे रद्द झाली, तेव्हा त्याच न्यायालयाने प्रत्येकाची स्वतंत्र सुनावणी आवश्यक मानली नाही. कारण तिथे कोणा एकावर ठपका नव्हता. १९९१ मध्ये महाराष्ट्राच्या दहावीच्या गुणपत्रकांतील फेरफारांच्या प्रकरणात न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की अशा चौकशीला फौजदारी खटल्याइतका कडेकोट पुरावा लागत नाही. संभाव्यतेचे पारडे कुठे झुकते ते पुरते.

या तीन निकालांतून निघणारा विवेक आम्हाला पुरेसा वाटतो. परीक्षेवरचाच विश्वास उडाला असेल तर परीक्षा पुन्हा घ्या. त्यासाठी कोणाला गुन्हेगार ठरवायला नको. गायझलला हा मार्ग खुला होता. पण एकदा का नाव घेऊन बोट दाखवले, की त्या नावाच्या माणसाचे ऐकलेच पाहिजे. कडेकोट पुरावा नसला तरी चालेल. पण जो आहे तो त्याच्यासमोर ठेवला पाहिजे.

ज्यांना ही प्रक्रिया अव्यवहार्य वाटते त्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठाकडे पाहावे. तिथली सचोटीची संहिता १८४२ पासूनची आणि दीर्घकाळ अतिकठोर होती: दोषी ठरलेल्याला एकच शिक्षा, हकालपट्टी. २००१ मध्ये तिथल्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने जुने-नवे निबंध ताडून पाहिले आणि शंभराहून अधिक विद्यार्थी संशयाच्या कक्षेत आले. पण यंत्राचा कौल हा निकाल मानला गेला नाही. विद्यार्थ्यांच्याच समितीने एकेक प्रकरण तपासले; कोणी कोणाचे उचलले, मूळ निबंध कोणाचा, हे शोधले. त्याला वर्षाहून अधिक काळ लागला आणि बहुसंख्य संशयित दोषमुक्त झाले. ज्यांनी खरोखर चोरी केली होती त्यांना जावे लागले. पुढे २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान करून हकालपट्टीच्या एकमेव शिक्षेची जागा निलंबनाला दिली आणि २०२३ पासून अपराधाच्या मानाने शिक्षा ठरवण्याची पद्धत आली. एकच शिक्षा असली की चौकशी करणाऱ्याचे हात बिचकतात आणि किरकोळ अपराधी पूर्ण सुटतो किंवा पूर्ण बुडतो. हे त्या विद्यार्थ्यांना कळले, हे विशेष.

यावरून ‘सोडून द्या’ म्हणणाऱ्या सुरालाही उत्तर मिळावे. आम्ही दयेची बाजू घेत नाही. परीक्षेतील चोरी ही चोरी आहे, आणि तिचा पहिला बळी शेजारच्या बाकावरचा, रात्र जागून आलेला विद्यार्थी असतो. माफीनामा लिहून घेऊन प्रकरण दडपणारा प्राध्यापक त्या विद्यार्थ्यावर अन्याय करतो. शिवाय ज्याला सोडले त्याला त्याने नेमके काय केले हे कधी समजावून सांगितलेलेच नसते. त्याला एवढेच कळते की सर भले आहेत. भलेपणाची ही ख्याती आपल्या व्यवसायात स्वस्तात मिळते.

तेव्हा आमच्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना विनंती अशी: गैरप्रकाराच्या चौकशी समितीवर पुढच्या वेळी नाव लागेल तेव्हा कागदावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी मागून घ्याव्यात. पुरावा ज्या साधनातून आला ते साधन कसे चालते हे जाणणारा माणूस समितीसमोर यावा. आरोपाचा सगळा कागद विद्यार्थ्याच्या हाती पडावा आणि तो वाचायला त्याला पुरेसे दिवस मिळावेत. ज्याने आरोप केला तो निर्णय देणाऱ्यांत बसू नये. कबुली दिल्यास शिक्षा कमी होईल, असे आमिष कोणी दाखवू नये. आणि निर्णय काहीही झाला तरी त्याची कारणे लिहिलेली असावीत, म्हणजे विद्यार्थ्याला ती वाचता येतील आणि आपल्यानंतर त्या खुर्चीत बसणाऱ्यालाही.

यासाठी वेळ लागेल, बैठका वाढतील, निकाल लांबतील. प्रबंध न वाचता टक्केवारी पाहणे, मुलाला न ऐकता नोंद पाहणे हे याहून सोपे आहे, यात शंका नाही. पण सोपे म्हणून ते करणाऱ्याने त्या मुलापुढे उभे राहून सचोटीवर व्याख्यान देऊ नये.