ताबा मिळेपर्यंतचे नाते

गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाटा परिसरातील एखाद्या नव्या गृहप्रकल्पात सदनिका नोंदविणाऱ्या ग्राहकाला पहिला धनादेश दिल्यानंतर एक बदल हमखास जाणवतो. तोपर्यंत दिवसातून दोनदा दूरध्वनी करणारा विक्री प्रतिनिधी हळूहळू दिसेनासा होतो आणि यापुढचे सारे काम ‘सीआरएम’मधून होईल, असे नम्रपणे सांगितले जाते. सीआरएम म्हणजे कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट, ग्राहक-संबंध व्यवस्थापन. संगणकाच्या जगात हे एका सॉफ्टवेअर-प्रकाराचे नाव आहे. नाशिकच्या बांधकाम व्यवसायात मात्र ते एका मेजाचे आणि त्यामागे बसलेल्या माणसाचे नाव झाले आहे.

या मेजावरचे काम दिसते त्यापेक्षा पुष्कळ मोठे आहे. करारनाम्याचा मसुदा ग्राहकाला समजावणे, मुद्रांक शुल्क व नोंदणीची तारीख जुळविणे, बँकेकडून कर्जाचा हप्ता वेळेवर सुटेल असे पाहणे, प्रत्येक स्लॅब पडल्यावर मागणीपत्र धाडणे, जीएसटीचा हिशेब पटवून देणे, स्वयंपाकघरातील ओटा डावीकडे हवा की उजवीकडे याची नोंद ठेवणे आणि ताब्याच्या दिवशी त्रुटींची यादी हाती घेऊन ग्राहकासोबत घरभर फिरणे, ही सारी कामे याच खात्याची. नोंदणी ते ताबा हा काळ दोन-तीन वर्षांचा, कधी त्याहूनही लांबलेला असतो. एवढा काळ ग्राहकाच्या दृष्टीने कंपनी म्हणजे हा एकच चेहरा असतो.

नेमकी येथेच गोम आहे. या व्यवस्थापकाकडे नाते आहे. अधिकार मात्र नाही. लिफ्ट कधी बसणार हे प्रकल्प अभियंता ठरवितो, व्याज माफ करायचे की नाही हे लेखा विभाग ठरवितो आणि नकाशातील बदलाचा निर्णय मालक व वास्तुविशारद घेतात. उत्तर मात्र सीआरएमने द्यायचे.

नाशिककरांना याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘कपाट’ प्रकरणात पाहायला मिळाले. मंजूर नकाशात चटईक्षेत्राच्या हिशेबाबाहेर दाखविलेली कपाटांची जागा प्रत्यक्षात खोल्यांत सामावून घेतल्याच्या कारणावरून २०१५ च्या सुमारास शहरातील अनेक इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. दाखला नाही म्हणून रीतसर ताबा नाही आणि ताबा नाही म्हणून कर्जाचा हप्ता व घरभाडे असा दुहेरी भार, या कोंडीत मध्यमवर्गीय कुटुंबे सापडली. पुढे नियमितीकरणाचे मार्ग काढण्यात आले, पण त्यात बराच काळ गेला. दोष कोणाचा, नियमाचा, विकासकाचा की पालिकेचा, हा वाद स्वतंत्र आहे. ‘घर केव्हा मिळणार’ हा प्रश्न मात्र अशा प्रसंगी ज्याच्या मेजावर येऊन पडतो, त्याच्या हाती सांत्वनाच्या चार शब्दांपलीकडे काही नसते.

१ मे २०१७ पासून स्थावर संपदा कायदा पूर्णपणे अमलात आला आणि या शब्दांनाच किंमत आली. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम बांधकाम व जमिनीच्या खर्चासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताबा लांबला तर ग्राहक पैसे व्याजासह परत मागू शकतो, किंवा घर राखून विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागू शकतो. बांधकामातील दोष ताब्यानंतर ५ वर्षांच्या आत दाखवून दिला तर तो विनामोबदला दुरुस्त करून द्यावा लागतो. प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. सीआरएमने फोनवर ‘दिवाळीपर्यंत नक्की’ असे सांगितले आणि संकेतस्थळावर पुढच्या वर्षाची तारीख असली, तर ते आश्वासन पोकळ असल्याचे ग्राहकाला त्याच क्षणी कळते. शिवाय ईमेल आणि व्हॉट्सअॅपवरचे संदेश उद्या पुरावा म्हणून पुढे येऊ शकतात. गोड बोलून वेळ मारून नेण्याचे कौशल्य पूर्वी गुण ठरत असे. आज ते कंपनीला अडचणीत आणू शकते.

असे असूनही या पदाकडे करिअर म्हणून पाहण्याची दृष्टी अद्याप रुजलेली नाही. वाणिज्य शाखेचे पदवीधर, मार्केटिंगमध्ये एमबीए केलेले तरुण, बँकेत किंवा कॉल सेंटरमध्ये काम केलेले कर्मचारी येथे येतात. विक्री प्रतिनिधीला प्रत्येक नोंदणीमागे इन्सेंटिव्ह मिळतो. सीआरएमची कामगिरी मात्र बहुधा वसुलीवर मोजली जाते. थकीत हप्ता किती आला याचा तक्ता दर महिन्याला निघतो, किती तक्रारी खरोखर मिटल्या याचा क्वचितच. मग चुणचुणीत माणूस दोन वर्षांत विक्रीकडे वळतो किंवा दुसऱ्या विकासकाकडे जातो आणि ग्राहकाला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

याच शहरात रामकुंडावरचे तीर्थपुरोहित पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या नामावळ्या सांभाळत आले आहेत. गाव आणि आडनाव सांगितले की आजोबांच्या आगमनाची नोंद निघते. तिथे वही आणि ती वाचणारा एकाच घरातले असतात. सॉफ्टवेअरमध्ये नोंद राहते, पण ओटा डावीकडे का हवा होता हे ऐकलेला माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि मुंबई-ठाण्याहून नाशिकमध्ये घर शोधणाऱ्यांची वाट सोपी झाली. हा ग्राहक दर रविवारी साइटवर येऊन विटा मोजणार नाही. त्याचा सारा विश्वास फोनवरच्या माणसावर असेल. ‘शेल्टर’सारख्या प्रदर्शनांत लक्ष वेधण्यासाठी स्टॉलवर खर्च करणाऱ्या विकासकांनी म्हणूनच काही साध्या गोष्टींचा विचार करावयास हवा. ठरावीक रकमेपर्यंतची तक्रार वरच्यांना न विचारता निकाली काढण्याचा अधिकार सीआरएम व्यवस्थापकाला द्यावा, प्रकल्पाच्या साप्ताहिक बैठकीत त्याला अभियंत्याच्या बरोबरीने बसवावे आणि त्याच्या बढतीचा निकष वसुलीऐवजी ताब्यानंतरच्या पहिल्या वर्षात मिटलेल्या तक्रारी हा ठेवावा.