प्रोजेक्टर ठेवायचा कुठं?

मंगल कार्यालय ठरवायला गेलं की जेवण, मांडव, पार्किंग यांच्यामागोमाग हल्ली एक प्रश्न हमखास येतो, 'प्रोजेक्टर लावायचा का?' पंचाहत्तरी असो, साखरपुडा असो की गल्लीतल्या मंडळाचा कार्यक्रम, जुने फोटो पडद्यावर दाखवल्याशिवाय समारंभ पुरा झाल्यासारखा वाटत नाही. मशिन भाड्यानं मिळतं, कित्येक घरांत तर छोटा एलईडी प्रोजेक्टर आलाही आहे. घेताना किती लुमेन, मोबाईल जोडता येतो का, अशी चौकशी सगळे करतात. तो ठेवायचा कुठं, हे मात्र भिंतीवरचा प्लग ठरवतो! वायर पोचेल तिथं टेबल, टेबलावर प्रोजेक्टर, त्याच्या पुढच्या पायाखाली दोन पुस्तकं सारून तोंड वर केलेलं. चित्र वर पसरट आणि खाली निमुळतं पडतं. मग कुणीतरी हुशार भाचा 'कीस्टोन'चं बटण दाबून ते चौकोनी करतो आणि मंडळी निश्चिंत होतात.

माझी तक्रार या बटणाविषयी आहे.

प्रोजेक्टरच्या पोटात ठिपक्यांची एक जाळी असते. जुन्या मशिनमध्ये १०२४ गुणिले ७६८ ठिपके असत, आता १२८० गुणिले ८०० किंवा १९२० गुणिले १०८० असतात. मशिनचं तोंड वर केलं की चित्राची वरची कड लेन्सपासून लांब पडते, म्हणून ती रुंद होते. कीस्टोनचं बटण प्रकाश सरळ करत नाही. ते आतल्या जाळीवरच चित्र वरच्या बाजूला आवळतं. कडेचे ठिपके रिकामे राहतात आणि उरलेल्या थोड्या ठिपक्यांत सगळं चित्र कोंबलं जातं. फोटोत हे जाणवत नाही. अक्षरांत जाणवतं. नव्या मशिनमध्ये हे काम आपोआप होतं, पण होतं तेच.

आणि आपल्याकडे अक्षरं दोन लिपींची असतात. लग्नपत्रिकेच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, तसंच फोटोखालच्या नावांचं. देवनागरीत अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेच्या डोक्यावर बसलेला असतो. अक्षर थोडं फिसकटलं की तो रेषेला चिकटून जातो. एका बिंदूनं चिंतेची चिता होते, हा वर्गातला जुना विनोद पडद्यावर खरा होतो. कन्नडला शिरोरेषा नाही, पण ओत्तक्षर आहे. जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन मुख्य अक्षराच्या खाली, बारीक आकारात लिहितात. पुसट पडद्यावर आधी तेच जातं. आता आपल्या घरातले शब्द आठवा. अक्का, अण्णा, अप्पा, अम्मा, अज्जी. कन्नडमध्ये लिहिताना यातल्या एकाही नात्याला ओत्तक्षरावाचून उभं राहता येत नाही.

नातवंडं नजरेच्या बळावर अंदाजानं वाचून मोकळी होतात. अडचण होते मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजीची. 'दिसत नाही' किंवा 'काणंगिल्ल' असं ती चारचौघांत म्हणत नाही, नुसती मान हलवते. खरं तर जुन्या फोटोतल्या माणसांची नावं सांगू शकणारं घरात तेवढंच एक माणूस उरलेलं असतं. मागच्या रांगेत उभी असलेली मुलगी धारवाडची की निपाणीची, हे तिलाच माहीत. तिला चेहरा ओळखू आला नाही तर ते नाव पुन्हा विचारायचं कुणाला?

म्हणून हिशोब प्लगपासून नव्हे, शेवटच्या खुर्चीपासून सुरू करावा. वाचण्याजोगा मजकूर असेल तर शेवटचा माणूस चित्राच्या उंचीच्या सहापटींपेक्षा लांब नसावा, असा एक ढोबळ नियम आहे. शेवटची रांग पडद्यापासून ३० फुटांवर असेल तर चित्र निदान ५ फूट उंच हवं. १२८० गुणिले ८०० च्या मशिनवर त्याची रुंदी ८ फूट होते. आता मशिनच्या माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' पाहा. तो १.५ असेल तर रुंदीच्या दीडपट, म्हणजे १२ फुटांवर लेन्स हवी. झूममुळे थोडं मागेपुढे चालतं. घरातल्या १० फुटी खोलीत याच हिशोबानं सहा फुटांच्या आसपासच रुंद चित्र मिळेल, हे विकत घेण्याआधीच कळतं.

लांब ठेवलं की चित्र मोठं होतं, पण फुकट नाही. ३००० लुमेनचं मशिन ८ गुणिले ५ म्हणजे ४० चौरस फुटांवर दर चौरस फुटाला ७५ लुमेन देतं. अंतर दुप्पट केलं की चित्र १६० चौरस फुटांचं होतं आणि वाट्याला १९ सुद्धा येत नाहीत. जाहिरातीतले लुमेन 'एएनएसआय' आहेत का हेही विचारावं, नाहीतर स्वस्त मशिनवरचे आकडे फसवे असतात.

उंचीचा प्रश्न आपल्या बैठकीमुळे वेगळा होतो. घरात सगळे सतरंजीवर असतील तर चित्राची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर चालेल. मागे खुर्च्या असतील तर चार फूट हवी, नाहीतर मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात. पण चित्र वर न्यायचं तर मशिन वर न्यावं, त्याचं नाक वर करू नये. बहुतेक टेबलावरचे प्रोजेक्टर चित्र लेन्सच्या पातळीपासून वरच फेकतात, काही छोट्या एलईडी मशिनमध्ये लेन्स चित्राच्या मध्याशी लागते, ते एकदा लावून पाहावं. उंच स्टँड, नाहीतर छताला उलटं टांगणं. टांगलं तर मेनूमध्ये 'सीलिंग' निवडायचं, चित्र सुलटं होतं. डावं-उजवं पाहायला सुतळी पुरते. लेन्सपासून पडद्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत धरली आणि दोन्ही अंतरं सारखी भरली, की मशिन मध्यावर आहे.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात काचेवर हातानं रंगवलेली चित्रं कंदिलाच्या प्रकाशात पडद्यावर दाखवली. 'शांबरिक खरोलिका' हे त्या खेळाचं नाव. त्यांच्या कंदिलाला कीस्टोनचं बटण नव्हतं, तेव्हा तो नीट मांडण्यावाचून गत्यंतर नसणार.

भिंतीचं म्हणाल तर ऑईल पेंटची चकचकीत भिंत टाळावी, मधोमध उजेडाचा डाग पडतो. पिस्ता रंगाच्या भिंतीवर सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात. चादर टांगायची तर भिंतीला लावून ताणून, कारण लोंबत्या चादरीतून प्रकाश पलीकडे निघून जातो. आणि प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही, हे ध्यानात ठेवावं. खोलीतल्या उजेडात भिंत जितकी काळोखी, तितकाच चित्रातला काळा काळा. पडद्याजवळची ट्यूब बंद, मागची चालू, एवढं केलं तरी पुष्कळ. दिव्याचं मशिन असेल तर यूपीएस जोडावा, वीज गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा आतच तापत राहतो. मशिनच्या जाळीसमोर फुलदाणी किंवा भेटवस्तूंचा ढीग नको.

आदल्या दिवशी एक काम करावं. सगळ्यांत बारीक अक्षरांची पाटी लावायची, एक ओळ मराठी, एक कन्नड, आणि स्वतः शेवटच्या खुर्चीत बसायचं. अनुस्वार आणि ओत्तक्षर दोन्ही दिसले नाहीत तर अक्षरं मोठी करावीत, बटणाला हात लावू नये. आजीची खुर्ची मध्यावर, पडद्यासमोर. फोटो आपोआप पुढे सरकण्याचं सेटिंग बंद ठेवावं आणि जवळ वही-पेन घेऊन कुणाला तरी बसवावं. ती नावं सांगू लागली तर एकच फोटो पाच मिनिटं राहू दे, जेवणाची पंगत थांबेल तेवढी.