उतरलं ते काय, चरबी की ताकद?



तुळशीचं लग्न लागलं की आपल्या आदिलाबादेत पत्रिकांचा पाऊस सुरू होतो. गेल्या वर्षी त्यात आमच्या घरचीही एक होती. माझ्या भाचीचं लग्न माघात ठरलं आणि तिनं पहिलं काम काय केलं? रात्रीचं जेवण बंद! सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी-टोमॅटो, संध्याकाळी स्टेडियमवर दहा फेऱ्या. दोन महिन्यांत काटा ६ किलो खाली आला. घरात सगळ्यांना कौतुक.

मग एक दिवस तांदळाचा २५ किलोचा कट्टा घरी आला. एरवी ती तो सहज उचलून आत न्यायची. त्या दिवशी मात्र उंबऱ्यातच टेकवला आणि शेजारी बसली. मला म्हणाली, "मावशी, वजन उतरलं गं, पण अंगात जीवच राहिला नाही."

आजचं सदर तिच्या या वाक्यावर.

आपण म्हणतो "वजन कमी करायचंय". खरं तर आपल्याला चरबी कमी करायची असते. काट्याला मात्र चरबी, स्नायू आणि पाणी यांतला फरक कळत नाही. पोट मारलं की शरीर साठवलेली चरबी वापरतं, पण तेवढ्यावर थांबत नाही, स्नायूही मोडून खातं. दुष्काळात कणगीतलं धान्य तर संपतंच, पण कामाला न लावलेला बैलही विकला जातो, तसंच हे. बैल रोज औताला जुंपलेला असेल तर शेतकरी तो सहजासहजी विकत नाही. वजन उचलणं म्हणजे स्नायूंना औताला जुंपणं. शरीराला निरोप जातो: हे लागतंय, याला हात लावू नको.

इथे एक गैरसमजही काढून टाकू. "स्नायू वाढवा, मग बसल्या बसल्या चरबी जळेल" अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. एक किलो स्नायू विसाव्याच्या वेळी दिवसाला जेमतेम १३ कॅलरी खर्च करतो. म्हणजे अर्धं बिस्किट! चरबी उतरते ती मुख्यतः ताटातून. उतरताना काय जाणार आणि काय राहणार, हे वजन उचलण्यानं ठरतं.

हे सांगितल्यावर ताईचा, म्हणजे भाचीच्या आईचा, लगेच प्रश्न आला: "अगं, लग्नाच्या मुलीनं वजनं उचलून अंग पुरुषासारखं झालं तर?"

मी तिला मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुडचं उदाहरण दिलं. मे २०२२ मध्ये ग्रीसमध्ये झालेल्या कनिष्ठ जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत तिनं सुवर्ण जिंकलं. त्या स्पर्धेत सोनं मिळवणारी ती पहिली भारतीय. तिचा वजनगट होता ४५ किलोचा. स्नॅचमध्ये तिनं ७० किलो उचलले आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३. आपला भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. म्हणजे ४५ किलोच्या मुलीनं जवळजवळ तीन सिलिंडर डोक्यावर धरले! त्याआधी २००० साली सिडनीत करणम मल्लेश्वरीनं २४० किलो उचलून कांस्य आणलं, ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. ती श्रीकाकुळमची. तेव्हा ते आणि आपण एकाच राज्यात होतो.

बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांपेक्षा कितीतरी कमी असतं. वर्षानुवर्षं घाम गाळूनही स्नायू हळूहळूच वाढतात. दोन-तीन महिन्यांत कोणी पैलवान होत नाही, याची खात्री बाळगा.

आणि वजन उचलणं आपल्याकडे नवं थोडंच आहे? आपल्या आज्ज्यांनी पाण्याचे हंडे वाहिले, जातं ओढलं, उखळात मुसळ चालवलं. आजही बेला-जैनदकडे कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन चाललेल्या बायका दिसतात. मात्र कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. कष्टात ओझं किती, विसावा केव्हा, हे आपल्या हाती नसतं. व्यायामात ते आपण ठरवतो: थोडं ओझं, नीट पद्धत, मध्ये विश्रांती, मग थोडं जास्त ओझं.

सुरुवात घरीही होते. खुर्चीवर बसणं-उठणं, ओट्याला हात टेकून दंड, कमरेतून वाकून पाठ सरळ ठेवत पिशवी उचलणं, पिशवी पोटाकडे ओढणं, पाण्याच्या बाटल्या डोक्यावर नेणं. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस. शेवटचे दोन जड जायला हवेत. सोपे वाटू लागले की वजन वाढवा. उचलताना श्वास सोडा, रोखू नका. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना चालण्या-फिरण्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते.

आता ताट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं निरोगी माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. वजन उतरवताना आणि उचलताना किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम घ्यावीत असं सांगतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६-७, मूठभर शेंगदाण्यांत ७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ५० ग्रॅम कोरड्या सोयावडीत २५. भाकरी म्हणा की जोन्न रोट्टे, ती सोडायची गरज नाही. दोनची एक करा आणि वरण वाढवा.

एक काळजी मात्र घ्याच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. दम लागत असेल, चक्कर येत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासा. गरोदरपण, रक्तदाब, पाठीचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

भाचीनं रात्रीचं जेवण पुन्हा सुरू केलं आणि वजनंही उचलायला लागली. पहिले तीन आठवडे काटा हललाच नाही, उलट अर्धा किलो वर गेला. ताईचा फोन आला, "हे खूळ सोडायला सांग तिला." नव्यानं व्यायाम करताना स्नायू पाणी धरून ठेवतात, म्हणून असं होतं. मी म्हटलं, काटा ठेव कपाटात आणि शिंप्याची टेप काढ. लग्नापर्यंत काटा दीड किलोच उतरला, पण कंबर ५ सेंटिमीटरनं कमी भरली. ब्लाउज आत घ्यावा लागला. आणि पुढचा तांदळाचा कट्टा तिनंच आत नेऊन ठेवला.

सासरी जाताना साड्यांच्या बॅगेत तिनं ५-५ किलोचे दोन डंबेल टाकले. ताई म्हणाली, "लोक काय म्हणतील?" भाची काही बोलली नाही, फक्त बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली. परवा फोनवर सांगत होती, आठवड्यातून तीन सकाळी चालू आहे, सासूबाई अजून नुसत्या बघतात.

तुमच्या घरी कोणी उपाशी राहून काटा उतरवत असेल, तर तिला एवढंच विचारा: उतरलं ते काय? आणि पुढच्या महिन्यात काट्याऐवजी टेप वापरून बघा.

भेटू पुढच्या अंकात.