उंदीर जगले, म्हणून औषध सुरक्षित?

मा. सचिव, आयुष मंत्रालय, नवी दिल्ली
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र



२०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. अहवाल छापून आल्यावर, जुलै २०२१ मध्ये, मंत्रालयाने तो दिशाभूल करणारा ठरवला. पुढे तशीच दिसणारी दुसरी वेल घातक असू शकते, असेही बजावले. शंका रास्त आहे. मग बाटलीत नेमकी कोणती वेल आहे, हे परवाना देताना कोण बघतो?

सुरक्षिततेचा पुरावा म्हणून उंदरांवरचे प्रयोग पुढे केले जातात. त्यांतला नेहमीचा असा: तीन पांढऱ्या उंदरांना वजनाच्या दर किलोमागे २००० मिलिग्रॅम अर्क नळीने एकदाच पाजायचा आणि चौदा दिवस वाट पाहायची. मेले नाहीत, की प्रबंधात 'सुरक्षित' लिहून मोकळे. (असे प्रबंध फार्मसी कॉलेजांच्या कपाटांत हवे तेवढे मिळतील.) यातून कळते ते इतकेच, की अर्क एका घोटात जीव घेत नाही. माणसे तो आठवडेच्या आठवडे घेतात. शिवाय मुंबईच्या रुग्णांत शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच यकृतावर हल्ला चढवल्याची चिन्हे होती. तरण्या, निरोगी उंदरात ते दिसणार कसे?

आणि पाजला तो अर्क तरी कोणता? काढ्यात पाण्यात उतरेल तेवढेच येते, सत्त्व म्हणजे बहुतांशी खाली बसलेला स्टार्च, मद्यार्कात काढलेला अर्क आणखी निराळा. आयुर्वेदिक औषधांच्या परवान्याचा नियम १५८-ब मात्र ग्रंथोक्त उपयोगासाठी पाण्यातल्या आणि पाणी-मद्यार्कातल्या अर्काला सुरक्षितता-अभ्यासातून सूट देतो. ग्रंथातला वैद्य रोगी पाहून मात्रा ठरवी. कॅप्सूल कोणालाच पाहत नाही.

प्राण्यांवरचे प्रयोग बंद करा, असे माझे म्हणणे नाही. पुरेसा काळ चालवले, तर ते धोका आधीच दाखवू शकतात. सापसणीच्या कुळातल्या वेलींतले ॲरिस्टोलोकिक आम्ल काही महिने दिल्यावर उंदरांना कर्करोग होतो, हे १९८२ मध्येच छापून आले होते. ब्रसेल्समध्ये त्याच कुळातली वनस्पती चुकून पोटात गेलेल्या बायकांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे १९९३ मध्ये उघड झाले.

म्हणून विकला जाणारा अर्कच नव्वद दिवस पाजून तपासा, त्या वेलीचा ओळख पटवलेला नमुना जपा आणि निकाल, वाईट असला तरी, जाहीर करा. एका मात्रेचे तेच ते प्रयोग थांबवा. यकृताचा किंवा स्वप्रतिकार आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढी ओळ लेबलवर छापायला तर एकही उंदीर लागणार नाही.

आपला,
औषधशास्त्राचा एक शिक्षक